काहीच सांगितले नसेल, तर?

'डीफॉल्ट' हा शब्द बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाच्या कानावर पडला, की त्याच्या डोळ्यांपुढे थकलेले हप्ते, रजिस्टर्ड पोस्टाने गेलेल्या नोटिसा आणि तोंड चुकवणारे जामीनदार उभे राहतात. डीफॉल्टर म्हणजे थकबाकीदार, एवढेच आम्हाला माहीत. पण संगणकाच्या जगात या शब्दाला अगदी निराळा अर्थ आहे, आणि गेली काही वर्षे मला तो अर्थच अधिक महत्त्वाचा वाटू लागला आहे. तिथे डीफॉल्ट म्हणजे, कोणी काहीच सांगितले नसेल तेव्हा जे आपोआप घडते ते.

साधा प्रश्न आहे. दारावर एक अनोळखी माणूस येऊन उभा राहिला. त्याला आत घ्या, असे कोणी सांगितलेले नाही. घेऊ नका, असेही कोणी सांगितलेले नाही. पहारेकऱ्याने काय करावे? या प्रश्नाला दोनच उत्तरे आहेत. एक, मनाई नाही ना, मग येऊ द्या. दुसरे, परवानगी नाही ना, मग थांबवा. दोन्ही उत्तरे ऐकायला सारखीच शहाणपणाची वाटतात. पण आपल्या बँकेतल्या ठेवी, इस्पितळातले कागद, बंदरातली मालवाहतूक आणि वीजकेंद्रातली यंत्रे आता ज्या तारांना बांधलेली आहेत, त्या तारांच्या तोंडाशी यांपैकी कोणते उत्तर लिहून ठेवले आहे, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. जाणकार ज्याला 'डीफॉल्ट डिनाय' म्हणतात, ते हे दुसरे उत्तर. मराठीत सांगायचे तर, नकार हा नियम आणि होकार हा अपवाद.

या उत्तराची अंमलबजावणी करणारा जो पहारेकरी, त्याचे नाव फायरवॉल. हा शब्द इमारतींच्या बांधकामातून आला. एका घराला लागलेली आग शेजारच्या घरात जाऊ नये म्हणून मध्ये घातलेली जाड, न जळणारी भिंत ती फायरवॉल. संगणकातली फायरवॉल मात्र नुसती भिंत नाही. ती भिंत आणि तिच्यातल्या दारांवरचा देवडीवाला, असे दोन्ही आहे. इंटरनेटवरून जे काही येते-जाते ते लहान लहान पुडक्यांत बांधून येते. त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पुडक्यावर, टपालाच्या पाकिटावर असतो तसा, पाठवणाऱ्याचा पत्ता असतो, ज्याला पाठवायचे त्याचा पत्ता असतो, आणि आणखी एक आकडा असतो. तो पोर्टचा आकडा. एका संगणकाला अशी ६५,५३५ दारे कल्पिलेली आहेत. सुरक्षित संकेतस्थळांची ये-जा ४४३ क्रमांकाच्या दाराने, एका मेल सर्व्हरकडून दुसऱ्याकडे जाणारी पत्रे २५ क्रमांकाच्या दाराने, अशी वाटणी ठरून गेली आहे.

फायरवॉलपाशी नियमांची एक यादी असते. पुडके आले की ती यादी सामान्यतः वरून खाली वाचली जाते. अमुक पत्त्यावरून तमुक दाराकडे जाणारे असेल तर जाऊ द्या. नसेल तर पुढचा नियम पाहा. पहिला जो नियम लागू पडेल तो अंतिम. यादी संपली आणि एकही नियम लागू पडला नाही, तर? तिथे शेवटची ओळ असते. सारा मुद्दा या शेवटच्या ओळीचा आहे. तिच्यात 'बाकी सर्वांना मज्जाव' असे लिहिले असेल तर घर एका प्रकारचे, आणि 'बाकी सर्वांना मोकळीक' असे लिहिले असेल तर दुसऱ्याच प्रकारचे. वरचे पन्नास नियम दोन्हीकडे शब्दशः सारखे असले तरीसुद्धा.

कोणी म्हणेल, वाईट कोण ते हुडकून काढावे, त्यांची यादी करावी, त्यांना अडवावे, बाकीच्यांना कशाला त्रास? ऐकायला हे सौजन्याचे वाटते. पण बँकेने हा मार्ग शंभर वर्षांपूर्वीच टाकून दिला आहे. धनादेश वटवताना पासिंग ऑफिसर सही कशाशी ताडून पाहतो? खोट्या सह्यांचा संग्रह कोणतीही बँक ठेवत नाही. तो कधी पूर्ण झालाच नसता. खोटी सही करण्याचे प्रकार अगणित, आणि त्यात रोज भर. बँक खऱ्या सहीचा एक नमुना ठेवते. त्याच्याशी जुळली तर पैसे, नाही जुळली तर धनादेश परत. खातेदार कितीही ओळखीचा असो, सहीतला फरक पाहून धनादेश परत करण्यात अपमानाचा हेतू नसतो. अमेरिकेतले फायरवॉलचे एक आद्य कारागीर मार्कस रॅनम यांनी २००५ साली संगणक-सुरक्षेतल्या सहा सर्वांत मूर्ख कल्पनांवर एक निबंध लिहिला. त्यात पहिला मान त्यांनी 'मनाई नसेल ते सारे चालू द्या' या धोरणाला दिला, आणि दुसरा, वाईटांची यादी करत बसण्याला.

हा विचार फायरवॉलच्याही आधीचा आहे. १९७५ साली जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर या दोघांनी संगणकातल्या माहितीच्या रक्षणावर एक प्रदीर्घ लेख लिहिला. आजही तो अभ्यासला जातो. त्यात सुरक्षित रचनेची जी तत्त्वे त्यांनी मांडली, त्यांतले एक असे, की प्रवेशाचा निर्णय परवानगीवर आधारलेला असावा, बंदीवर नव्हे. त्याचे श्रेय त्यांनी ई. ग्लेसर यांनी १९६५ साली केलेल्या सूचनेला दिले आहे. त्यांचा युक्तिवाद मला फार आवडतो, कारण तो चुकीच्या स्वभावाबद्दल आहे. माणूस नियम लिहिणार म्हणजे चुकणार, हे त्यांनी गृहीतच धरले आहे. प्रश्न एवढाच, की चूक झाली तर ती कळेल कशी? परवानगीची पद्धत असेल तर चुकीने एखाद्या भल्या माणसाला नकार मिळतो, आणि तो लगेच तक्रार घेऊन येतो. बंदीची पद्धत असेल तर चुकीने एखाद्या लबाडाला प्रवेश मिळतो, आणि तो तक्रार करत नाही.

कॅश काउंटरवर बसलेल्या कोणालाही हे समजावून सांगावे लागणार नाही. कॅशिअरने शंभराची एक नोट कमी दिली तर खातेदार दारापर्यंतही जात नाही. तिथल्या तिथे मोजून परत फिरतो. एक नोट जास्त गेली तर? संध्याकाळी कॅश जुळवताना घाम फुटतो, आणि नोट घेऊन परत येणारा देवमाणूस क्वचितच भेटतो. पहिली चूक ओरडून स्वतःला दाखवते. दुसरी गप्प बसते. चुका ओरडणाऱ्या असाव्यात, अशी व्यवस्था लावणे म्हणजेच डीफॉल्ट डिनाय.

मग सुरुवातीपासूनच जगाने असे का केले नाही? कारण इंटरनेट जन्माला आले ते ओळखीच्या माणसांत. विद्यापीठे, संशोधनसंस्था, लष्करी प्रयोगशाळा यांतले संशोधक एकमेकांना ओळखत, एकमेकांची यंत्रे वापरत. वाड्यातल्या बिऱ्हाडांसारखा मामला. दिवसा कोणी कडी लावत नसे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने सोडलेला एक स्वयंचलित प्रोग्रॅम या वाड्यात शिरला. तेव्हा इंटरनेटला जोडलेले संगणक सुमारे ६०,०००. त्यांतले ६,०००च्या आसपास बाधित झाले, असा त्या वेळचा अंदाज. त्या प्रोग्रॅमने वापरलेल्या युक्त्यांपैकी एक होती ती यंत्रांच्या परस्परविश्वासाची. हे यंत्र त्या यंत्रावर भरवसा ठेवते, मग या यंत्रावरून त्या यंत्रात जायला कोण अडवणार? मॉरिसला पुढे शिक्षा झाली: तीन वर्षांची देखरेख, ४०० तासांची समाजसेवा आणि दहा हजार डॉलरांवर दंड. या घटनेने दारांना कड्या लावण्याच्या कामाला जोर चढला. पुडक्यांची तपासणी करणाऱ्या फायरवॉल याच काळात आकाराला आल्या, आणि १९९४ साली बेल लॅब्जमधल्या विल्यम चेस्विक आणि स्टीव्हन बेलोविन यांनी फायरवॉलवर लिहिलेले पुस्तक या विषयाचे पाठ्यपुस्तकच झाले.

दार विनाकारण उघडे ठेवण्याची किंमत काय, हे जगाला नीट कळले ते २५ जानेवारी २००३ रोजी. त्या दिवशी 'स्लॅमर' नावाचा एक प्रोग्रॅम इंटरनेटवर सुटला. त्याचा आकार फक्त ३७६ बाईट. एका पोस्टकार्डावर मावेल एवढा मजकूर. तो मायक्रोसॉफ्टच्या एका डेटाबेस प्रणालीतल्या दोषावर जगत होता, आणि १४३४ क्रमांकाच्या दाराने शिरत होता. सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांनी त्याची संख्या दुप्पट होत होती. जगातल्या शिरण्याजोग्या यंत्रांपैकी नव्वद टक्के यंत्रे त्याने दहा मिनिटांत गाठली. एकूण निदान ७५,०००. बँक ऑफ अमेरिकाच्या सुमारे १३,००० एटीएमपैकी बहुतेकांतून काही काळ पैसे निघेनात. दोष दुरुस्त करणारा तुकडा कंपनीने सहा महिने आधीच, जुलै २००२ मध्ये देऊ केला होता. पुष्कळांनी तो लावलाच नव्हता. पण माझा मुद्दा वेगळा आहे. डेटाबेसचे ते १४३४ क्रमांकाचे दार साऱ्या जगाला उघडे असण्याचे मुळात कारण काय होते? बहुतेक ठिकाणी काहीही नाही. ते कोणी उघडले नव्हते. ते बंद करायला कोणी सांगितले नव्हते, एवढेच. ज्यांच्या यादीची शेवटची ओळ 'बाकी सर्वांना मज्जाव' अशी होती, त्यांना स्लॅमर या नावाचा प्राणी अस्तित्वात येणार आहे हे ठाऊक असण्याची गरजच नव्हती. वाईटांची यादी करणाऱ्याला वाईटाचे नाव आधी कळावे लागते. नकार हा नियम मानणाऱ्याला ते कळावे लागत नाही.

शेवटच्या ओळीत किती ताकद असते याचा एक दाखला घरोघरच्या संगणकांतून देता येईल. २००१ साली बाजारात आलेल्या विंडोज एक्सपीत फायरवॉल होती. पण ती आपण होऊन चालू करावी लागे. किती जणांनी केली असेल? मोबाइलवरच्या घड्याळाचा आवाजही आपण बदलत नाही. जो मिळतो तो वर्षानुवर्षे वाजतो. ऑगस्ट २००३ मध्ये 'ब्लास्टर' नावाच्या अशाच एका प्रोग्रॅमने घरातली, कचेऱ्यांतली असंख्य यंत्रे पुन्हा पुन्हा बंद पाडली. त्यानंतर ऑगस्ट २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टने जी मोठी सुधारणा काढली, तिच्यात हीच फायरवॉल सुरुवातीपासून चालू ठेवली. बाहेरून बिनबोलावता येणाऱ्याला दार बंद. आपण आतून एखाद्या संकेतस्थळाला हाक मारली, तर तिचे उत्तर तेवढे आत येते, कारण पहारेकरी कोणी कोणाला हाक मारली हे लक्षात ठेवतो. वापरणाऱ्या सामान्य माणसाला यात काही शिकावे लागले नाही. बदलले ते एवढेच, की त्याने काहीच केले नाही तर काय होईल.

हे सगळे इतके उघड असेल, तर मग अडते कुठे? अडते ते माणसांत. निवृत्तीनंतर ओळखीच्या एका पतसंस्थेने हिशेबतपासणीतल्या शंका पाहण्यासाठी मला बोलावले होते. संगणकाचे काम पाहणारा मुलगा हुशार आणि नम्र होता. मी त्याला फायरवॉलचे नियम कागदावर छापून मागितले. त्याने आणून दिलेल्या यादीत बत्तीस नियम होते. विचार करून लिहिलेले. पण सर्वांच्या वर, पहिल्याच ओळीत, एक नियम होता: कुठूनही, कुठेही, काहीही, जाऊ द्या. शेजारी टिपण होते 'तात्पुरते', आणि तीन वर्षांपूर्वीची तारीख. वरून खाली वाचणारा पहारेकरी पहिल्याच ओळीपाशी थांबत होता. खालचे बत्तीस नियम कधी वाचलेच गेले नव्हते. 'काका, तेव्हा नवीन सॉफ्टवेअर बसवत होते, चालेना, म्हणून इंजिनिअरने उघडले,' मुलगा म्हणाला. 'नंतर बंद करायला कोणी सांगितलं नाही.' यावर त्याला रागवण्यात अर्थ नव्हता. उघडा म्हणून फोन करणारे दहा असतात. बंद कर म्हणून फोन करणारा एकही नसतो.

आमच्या वेळी शाखेत स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असत. एक अधिकाऱ्याकडे, दुसरी हेड कॅशिअरकडे. एकट्याने ती उघडत नसे. व्हाउचरवर अधिकाऱ्याची सही नसेल तर कॅशिअर पैसे देत नसे, मग समोर खुद्द त्याचा सख्खा भाऊ उभा असो. या नकारांचे कोणाला वाईट वाटत नसे, कारण तो नकार कॅशिअरचा नव्हता, पद्धतीचा होता. संगणक आले आणि ही शिस्त खात्याच्या पडद्यावर तेवढी राहिली. तारांच्या बाबतीत तिचा वारसा कोणाला सांगितलाच नाही. जो अधिकारी कॅशिअरची किल्ली दोन मिनिटेही स्वतःकडे ठेवणार नाही, तोच 'अरे, चालत नाहीये तर सगळं उघडून टाक ना' असे सहज म्हणतो.

अर्थात दरवाजा बंद केला की काम संपले, असेही नाही. रायगडाची हिरकणी आपल्याला शाळेपासून माहीत आहे. सूर्यास्ताला गडाचे दरवाजे बंद झाले. दूध घालायला आलेली गवळण वरच अडकली. खाली तान्हे मूल. पहारेकऱ्यांनी नियम मोडला नाही. ती अंधारात कडा उतरून गेली. आख्यायिका इतिहासाच्या कसोटीला किती उतरते ते इतिहासकारांनी सांगावे. मला तिचा उत्तरार्ध महत्त्वाचा वाटतो. महाराजांनी तिचा सन्मान केला, आणि ती जिथून उतरली तिथे बुरूज बांधला. दरवाजा बंद होता ही समजूत पुरेशी नव्हती; कड्यावरून वाट आहे हे कळल्याबरोबर ती वाट राखली गेली. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या, रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही गडाच्या दरवाजांचा आणि चोरदिंड्यांचा विचार आहे. गडाला एकच दरवाजा असणे त्यात दोष मानले आहे. म्हणजे दारे असू नयेत असे नव्हे. ती मोजलेली असावीत.

न मोजलेले दार काय करते, याचे उदाहरण पुन्हा स्लॅमरच्याच वेळचे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डेव्हिस-बेसी अणुवीजकेंद्राला फायरवॉल होती, आणि स्लॅमरचे ते दार तिने बंदच ठेवले होते. तरी तो आत पोहोचला. एका कंत्राटदाराच्या जाळ्यातून केंद्राच्या जाळ्याकडे येणारी एक स्वतंत्र लाइन होती, ती फायरवॉलला वळसा घालून येत होती. स्लॅमर आधी कंत्राटदाराकडे शिरला आणि तिथून आत आला. अणुभट्टीच्या सुरक्षिततेची स्थिती दाखवणारा पडदा जवळजवळ पाच तास बंद पडला. भट्टी त्या वेळी वर्षभरापासून दुसऱ्या कारणाने बंद होती, हे नशीब. फायरवॉल चोख होती. कड्यावरून वाट होती.

आणि मुळात पहारेकरीच नसेल तर? फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या यंत्रणेत घुसलेल्या चोरांनी न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेला पैसे वळते करण्याचे ३५ आदेश पाठवले. एकूण रक्कम ९५.१ कोटी डॉलर. त्यांतले पाच आदेश वठले: १०.१ कोटी डॉलर. २ कोटी श्रीलंकेला गेले, ते 'फाउंडेशन' या शब्दातल्या स्पेलिंगच्या चुकीमुळे संशय येऊन परत मिळाले, ८.१ कोटी फिलिपिन्सला गेले आणि त्यांतले बहुतेक जुगारघरांतून नाहीसे झाले. उरलेले आदेश अडकण्याचे एक कारण असे सांगितले गेले, की फिलिपिन्सच्या बँकेच्या पत्त्यात 'ज्युपिटर' हा रस्त्याचा शब्द होता आणि निर्बंध घातलेल्या एका जहाजाचेही नाव तेच होते. म्हणजे वाईटांच्या यादीने काम केले, पण निव्वळ योगायोगाने. त्या बँकेला फायरवॉल नव्हती, आणि जाळे जोडायला दहा डॉलरचे जुने, वापरलेले स्विच लावलेले होते, असे बांगलादेश पोलिसांच्या तपास अधिकाऱ्याने रॉयटर्स या वृत्तसंस्थेला सांगितले. पैसे पाठवण्याची ती स्विफ्टची यंत्रे बाकीच्या कचेरीपासून भिंतीने तोडलेली असायला हवी होती, असेही त्याचे म्हणणे होते. स्ट्राँगरूमची भिंत कॅन्टीनच्या भिंतीएवढीच पातळ असावी, तसे हे झाले.

आपल्या जवळचे उदाहरण सांगायचे तर पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवशी तिथून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत पैसे काढले गेले, आणि १३ कोटी ९२ लाख रुपये स्विफ्टमार्गे हाँगकाँगला वळवले गेले. एटीएमने 'पैसे देऊ का?' असे विचारले की तो प्रश्न बँकेच्या मूळ खात्यांपर्यंत जायला हवा. इथे मध्येच एक खोटा होकार देणारा बसवला होता. प्रश्न खात्यांपर्यंत पोहोचतच नव्हता. याला केवळ वेशीवरचा पहारा पुरत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. चोर आत आला असे धरून चालायचे, आणि आतल्या प्रत्येक खोलीलाही तीच शेवटची ओळ लावायची: हे यंत्र त्या यंत्राशी का बोलते आहे? परवानगी कोणाची? आतून बाहेर जाणाऱ्यालाही तोच प्रश्न. पुष्कळ ठिकाणी आत येणाऱ्याची झडती होते आणि बाहेर जाणाऱ्याला सलाम होतो. चोर मात्र शेवटी बाहेरच जाणार असतो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेचा मूलभूत आराखडा काढला. कार्डांचे व्यवहार करणाऱ्यांसाठी जी आंतरराष्ट्रीय मानके आहेत, त्यांतही गरजेपुरती वाहतूक मोकळी ठेवून बाकीची अडवावी, आणि फायरवॉलचे नियम निदान दर सहा महिन्यांनी तपासावेत, असे सांगितलेले आहे. नियम आहेत. तपासणारे डोळे हवेत.

इथे एक इशारा दिला पाहिजे, नाहीतर एका उपयुक्त तत्त्वाचे आपण हत्यार करू. नकार हा नियम, हे यंत्रांच्या दारांना लागू आहे. माणसांच्या हक्कांना नव्हे. रेशनच्या दुकानात यंत्राला अंगठा ओळखता आला नाही म्हणून म्हातारीला धान्य नाकारणे हे सुरक्षेचे तत्त्व नाही. सिनेमागृहाचे आग लागल्यावर बाहेर पडायचे दार वीज गेली तर उघडलेच पाहिजे. तिजोरीचे दार वीज गेली तरी बंदच राहिले पाहिजे. दोन्ही दारे सुरक्षितच, पण उलट्या अर्थाने. कसोटी एकच: चूक झाली तर तिचा भार कोणावर पडतो, आणि ती दुरुस्त करता येते का? दोन यंत्रांमधले एक पुडके अडले तर कोणी तरी फोन करतो आणि पंधरा मिनिटांत दार उघडते. उपाशी राहिलेल्याच्या बाबतीत हा हिशेब चालत नाही. कायद्याच्या राज्यातही हाच भेद आहे. नागरिकाला जे मना नाही ते मुभा. अधिकाऱ्याला मात्र जेवढा अधिकार कायद्याने दिला तेवढाच. सत्तेला डीफॉल्ट डिनाय, माणसाला नव्हे.

म्हणून दार बंद ठेवणाऱ्यावरही एक जबाबदारी येते. मागणाऱ्याला नकार देऊन त्याने खुर्चीत रेलून बसायचे नसते. कोणाला काय हवे, कशासाठी हवे, किती दिवस हवे, हे ऐकून लवकर उत्तर द्यायचे असते. परवानगी मिळवायला पंधरा दिवस लागत असतील तर माणसे कडा उतरणारच. कोणी मोबाइलचे इंटरनेट कचेरीच्या संगणकाला जोडील, कोणी घरच्या मेलवर कागद पाठवील. अडवलेल्या पुडक्यांची नोंद फायरवॉल ठेवू शकते. ती नोंद रोज कोणी तरी चाळली, तर कोण चुकून अडला आणि कोण मुद्दाम दारे खडखडवून पाहत होता, दोन्ही कळते.

दर वर्षी सहकारी बँका आणि पतसंस्था यांच्या सर्वसाधारण सभा होतात. सभासद लाभांशाची टक्केवारी विचारतात, अहवालाच्या छपाईवर टीका करतात आणि चहा घेऊन घरी जातात. ज्यांच्या आयुष्याची पुंजी या संस्थांत आहे अशा वाचकांना माझी विनंती आहे, की या वर्षी आणखी चार प्रश्न विचारा. त्यासाठी संगणकाचे ज्ञान लागत नाही. आपल्या संस्थेची बाहेरच्या जगाला किती दारे उघडी आहेत? प्रत्येक दार कोणाच्या सहीने आणि कशासाठी उघडले? ते कोणत्या तारखेला बंद व्हायचे आहे? आणि यादीची शेवटची ओळ काय आहे? व्यासपीठावरून पहिल्या वर्षी बहुधा 'माहिती घेऊन कळवतो' असे उत्तर मिळेल. सभेच्या इतिवृत्तात ते नोंदवून घ्या, आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारा.